पिशवीचा बाजा

"ह्यो मागं उभारलाय त्यो कोण?" आबांनी चष्मा वर सरकवून लॅपटॉपकडे बोट केलं.

मी गाणं थांबवलं. तिकडे युरोपात दरवर्षी देशादेशांच्या गाण्यांची स्पर्धा होते. पुण्याच्या एका संकेतस्थळासाठी मी त्यातल्या गाण्यांची परीक्षणं लिहिते. एरवी सांगलीला कॉलेजात शिकवते. त्या रविवारी गावी आले होते आणि बाल्कन डोंगरातल्या एका छोट्या देशाचं गाणं पुन्हा पुन्हा ऐकत होते. जुन्या लोकगीताची चाल, तिला नाचायचा ठेका, पुढे चंदेरी झग्यातली गायिका. आणि धुरामागे, अर्धवट अंधारात, कातडी पिशवीचा बाजा काखेत धरलेला एक म्हातारा.

आबा, माझे वडील, फौजेच्या बँडमध्ये बॅगपाइप वाजवायचे. गावात त्याला पिशवीचा बाजा म्हणत.

"पुन्यांदा लाव," ते म्हणाले आणि वाकून बघत राहिले. "राजू, ह्यो वाजवत न्हाई. त्येची पिशवी बघ की. जराबी दबत न्हाई."

"नियमच आहे तसा, आबा. गायचं तेवढं खरं. वाद्यं आधीच रेकॉर्ड केलेली असतात."

"म्हंजे नुसतं गाल फुगवून उभारायचं?"

"व्हय."

"लय अवघड काम दिलंय गड्याला."

आई दाराशी लसूण सोलत होती. "आवं, तुमाला तरी कोण वाजवू देतंय," ती म्हणाली, आणि दोघंही हसले.

आबा पेन्शनीवर आले तेव्हा मेरठहून स्वतःचा बाजा घेऊन आले होते. पण सकाळी वाजवला तर शेजारच्या मंगलकाकूंची म्हैस पान्हा चोरायची, दुपारी गल्ली झोपलेली असायची, रात्री माझा अभ्यास. पिशवी रोज फुगवली नाही तर कातडं वाळतं. म्हणून आबा रोज संध्याकाळी बाज्याची पेटी सायकलला बांधून उसापलीकडच्या कालव्यावर जात. कुणी भांडून त्यांचा बाजा बंद केला नव्हता. तशी रीतच पडून गेली.

"काय लिवलंस, वाच की," आबा म्हणाले.

मी वाचलं. 'या गाण्यात लोकसंगीत झग्यावरच्या कशिद्यासारखं आहे. उसवून काढलं तरी झगा तसाच राहील.'

त्यांनी नीट ऐकून घेतलं. "बराबर असंल. आमी बी परेडला शोभंलाच हुतो." मग म्हणाले, "आन त्या मागच्याचं?"

"त्याचं काही नाही लिहिलं."

"एक वळ तरी लिव. नाव असंल की त्येचं कायतरी."

"लिहिते."

संध्याकाळी ते सायकल घेऊन गेले. मी कानात इअरफोन घालून तेच गाणं ऐकत होते. परत आल्यावर त्यांनी "झालं का?" म्हणून विचारलं. मी म्हणाले, "उद्या."

सकाळी अंगणात दात घासताना ते पडले. मिरजेला नेलं. मेंदूत रक्तस्राव झाला होता. शुद्धीवर आलेच नाहीत.

दहावं झाल्यावर संपादकांचा फोन आला. अंतिम फेरी होऊन गेली होती, तरी परीक्षण सावकाश पाठवा म्हणाले. मी त्या माणसाचं नाव शोधायला बसले. स्पर्धेच्या पानावर गायिका, गीतकार, नाच बसवणारा, केस विंचरणारी, सगळ्यांची नावं होती. त्याचं नव्हतं. ते त्यांच्याकडच्या एका जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात सापडलं. मेंढरं राखतो, आणि रेकॉर्डवर ऐकू येतो तो बाजा त्याचाच आहे, असं तिथे लिहिलं होतं. कशिद्याचं वाक्य मी खोडलं नाही. मला अजूनही ते पटत होतं. पण परीक्षण त्याच्या नावाने सुरू केलं आणि पाठवून दिलं.

"ती पेटी माळ्यावर टाक बाई," आई आतून म्हणाली. "बघवत न्हाई."

पेटी अजून सायकलच्या कॅरिअरला तशीच बांधलेली होती. दोरी आबांनी आवळलेली, सुटता सुटेना. आत बाजा होता. पिशवीचं कातडं हाताला कडक लागलं. मी तो माजघरात नेऊन आबांच्या खाटेवर ठेवला. भिंतीपलीकडे मंगलकाकूंच्या बादलीत धार वाजत होती. आई येऊन दारात उभी राहिली, पण माळ्याचं पुन्हा काही बोलली नाही.

"आबा," मी मोठ्याने म्हणाले, "आज कालव्यावर जाऊ नका. हितंच वाजवा. म्हशीचं आमी बघू."