टेबलाच्या पायाचा बटाटा

“दूध गॅसवर ठेवून आलेय आणि हा मेला बटाटा काही हातात येत नाही,” माझ्या मागची बाई पुटपुटली. रांग जिना उतरून रस्त्यावर आली होती. वरच्या खोलीत महाराज लोकांनी आणलेल्या उकडलेल्या बटाट्याच्या कापावरून आपला ओला रुमाल फिरवून काप डबीत घालून देत. दोन दिवसांत काप रक्तासारखा लाल व्हायचा. बटाट्याने दुखणं ओढलं म्हणे. मात्र गोळ्या घेतल्या तर ओढ तुटते. गोळ्यांना भिणारी ही कसली ओढ, देव जाणे.

माझ्या धाकट्या बहिणीने पायाच्या चिघळलेल्या जखमेवरच्या गोळ्या याच नादाने सोडल्या होत्या. तिचा नवरा दर तासाला खोलीत सुवासिक फवारा मारायचा. मी गेले की दोघं मला लाल काप दाखवायची. पाय चादरीखाली.

मी वीस वर्षं प्रयोगशाळेत काचेच्या थाळ्या धुतेय. हा लाल रंग त्या थाळ्यांवरून मी कितीदा घासून काढलाय. माझी पाळी आली तेव्हा मी महाराजांना म्हटलं, रुमाल धुऊन देते. त्यांनी तो झटकन मागे घेतला. धुवायचा नाही, अशी गुरूंची आज्ञा होती.

“कुणाचं, काय दुखणं?” महाराजांनी विचारलं.

“घरातल्या एका म्हातारीचा पाय. उभं राहवत नाही.”

दोन दिवसांनी मी बहिणीसमोर दोन डब्या उघडल्या. दोन्ही डब्या मी उकळून घेतल्या होत्या, दोन्ही काप माझ्याच घरच्या एका बटाट्याचे. रुमाल फिरवलेला काप लालभडक, न फिरवलेला पांढरा.

“बघ, म्हातारीचं दुखणं ओढलं,” ती म्हणाली.

“म्हातारी म्हणजे माझं डुगडुगणारं टेबल.”

ती हसली नाही. मी चिडूनच सांगत सुटले. रुमालात जंतू आहेत, ते बटाट्यावर वाढतात, रंग त्यांचा. प्रयोगशाळेतल्या आमच्या मॅडम सांगतात, शास्त्रज्ञांनीही आधी जंतू बटाट्याच्या कापांवरच वाढवले. पुढे आईबापांचे गुण पोरांत कसे उतरतात, आपल्या पेशी कशा चालतात, यातलं कितीतरी याच चिमुकल्यांकडून कळलं. ज्यांनी एवढं शिकवलं, त्यांना आपण देव करून डबीत ठेवायचं? विचार कर गं, टेबलाला कुठलं दुखणं?

“तुला कशावरच विश्वास नाही, ताई,” ती भिंतीकडे वळून म्हणाली.

तिच्या उशाशी बसलेला तिचा नवरा उठला, सवयीने फवाऱ्याची बाटली हातात घेतली आणि तसाच उभा राहिला. मग त्याने ती खिडकीत ठेवली.

“पायाला वास येतोय,” तो म्हणाला. “पंधरा दिवस येतोय. चल, दवाखान्यात जाऊ.”