साठ पानांचा रस्सा

आचारीबुवा होडीतून उतरले तेच कुरकुरत. थंडी नुसती मी म्हणत होती, वारा कानात शिरत होता, आणि लेक मात्र दोन पिशव्या खांद्याला अडकवून पुढे टणाटण चालली होती. "सहा दिवस, बाबा," ती घरी म्हणाली होती. "सहा दिवस हंडे नाहीत, भट्टी नाही. बेटावर राहायचं, तिथली माणसं जेवतात ते जेवायचं आणि समुद्राची हवा खायची." हवा खाऊन पोटं भरत असती तर आपल्याला लग्नात कोण बोलावणार होतं, असं बुवांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ते हो म्हणाले. का म्हणाले, ते त्यांचं त्यांनाच माहीत होतं.

तर गोष्ट अशी. गेल्या हिवाळ्यात बुवांना ताप आला. आठ दिवसांनी गेला, पण जाताना वास घेऊन गेला, आणि चवही. फोडणी टाकली तर नुसता आवाज. मीठ नाही, तिखट नाही, तोंडातला घास म्हणजे ओला कापूस. आता हे एखाद्या गवंड्याचं झालं असतं, शिंप्याचं झालं असतं, तर एक वेळ चाललं असतं हो. पण चाळीस वर्षं लग्नाच्या पंगती जेवू घालणाऱ्या आचाऱ्याचं? 'रस्सा खावा तर बुवांच्या हातचा' हे ऐकत ज्याचे केस पांढरे झाले, त्यानं तोंड कुठे लपवायचं? बुवांनी ब्र काढला नाही. डॉक्टरपाशी नाही, भावापाशी नाही, कामात हाताखाली राबणाऱ्या लेकीपाशी तर मुळीच नाही. बायको असती तर तिनं दुसऱ्या दिवशीच ओळखलं असतं, पण ती जाऊन सहा वर्षं झाली होती.

आणि गंमत म्हणजे धंदा चाललाच! वर्षभरात तेवीस कार्यं झाली, एकाही ठिकाणाहून तक्रार नाही. उलट एका नवरदेवाच्या मामांनी भर मांडवात बुवांना मिठी मारली. तेव्हा बुवांनी मनाशी ठरवून टाकलं, जीभ गेली तर गेली, चाळीस वर्षं मुरलेला हात आहे, तो कुठे जिभेला विचारत बसतो? तरी समुद्राच्या हवेनं नाक उघडलंच तर बरं, म्हणून ते होडीत चढले होते.

होडीवाल्याचं घर किनाऱ्यापासून शंभर पावलांवर होतं. दोन खोल्या पाहुण्यांना, बाकीच्या घरच्यांना. स्वयंपाकघर मात्र सगळ्यांना मिळून एकच, आणि ते भलतंच झकास. दाराशी सरपण रचलेलं, आढ्याला दोरीवर सुकी मासळी टांगलेली, खिडकीत लोणच्याच्या बरण्या. होडीवाल्याची बायको ठेंगणी, गुबगुबीत आणि बोलायला एकदम फटकळ. पहिल्याच सकाळी तिनं लेकीपुढे मासळीची टोपली आणून आदळली. "आमचं जेवण बघायचंय म्हणालीस ना? मग हातानं बघ."

लेकीला तेच हवं होतं. मासळी कुठल्या वाऱ्यावर वाळवायची, मिठात किती दिवस ठेवायची, उन्हात टाकायची की सावलीत, प्रश्न विचारून विचारून तिनं त्या बाईला भंडावून सोडलं. बुवा चुलीशेजारच्या पाटावर पाय पसरून बसत आणि मोठमोठ्या लग्नांच्या हकिगती सांगत. घरात ऐकणारे पुष्कळ होते, त्यामुळे हकिगती रोज थोड्या थोड्या वाढत होत्या.

तिसऱ्या दिवशी होडीवाला म्हणाला, "परवा आमची नवी होडी पाण्यात लोटायचीय. सगळं बेट येतं हात लावायला. साठेक माणसं होतील जेवायला. हिची धांदल उडणार आहे."

"साठ?" बुवा हसले. "अहो, साठ माणसं म्हणजे आमचं नाश्त्याचं काम. ताईंना सांगा, परवा चुलीकडे फिरकायचंसुद्धा नाही. मी आहे."

"पण रस्सा आमच्यासारखाच पाहिजे हां," बाई म्हणाली. "सुक्या मासळीचा. गारठून आलेल्या माणसांना दुसरं काही चालत नाही."

"ताई, मला शिकवू नका," बुवा म्हणाले. कोपऱ्यात कांदे सोलणाऱ्या लेकीनं मान वर करून बापाकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

चौथ्या दिवशी लेक होडीवाल्याबरोबर विहिरीवर गेली होती. बाई अंगणात होती. बुवा पाटावर बसून सर्दीनं नाक चोंदलेल्या शेजारच्या म्हाताऱ्याला सांगत होते की भात कसा फुलला पाहिजे, शीत कसं शितापासून सुटं झालं पाहिजे. आणि त्यांच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर चुलीवरचा भात चांगला खरपूस करपत होता. बाई धावत आत आली, पातेलं उतरवलं, भाताकडे पाहिलं, मग बुवांकडे पाहिलं. अंगणापर्यंत वास आला होता.

दुपारी तिनं बुवांना वेगळ्या वाटीत बटाट्याचा रस्सा वाढला. बुवांनी भुरका मारला, डोळे मिटले, मान डोलावली. "वा ताई! फर्मास!"

पानं उचलल्यावर लेक बाहेर गेली तशी बाई समोर येऊन बसली. "भाऊ, तुमच्या वाटीत मीठच नव्हतं. चिमूटभरही नाही. कधीपासून आहे हे?"

बुवांचा चेहरा खर्रकन उतरला. थाप मारायला तोंड उघडलं, पण थापच सुचेना. "वर्ष झालं," ते म्हणाले. "पण ताई, माझा हात..."

"हात तुमच्या घरी. इथे ही मासळी खारवलेली आहे. एका टोपलीतली कमी खारट, दुसरीतली जास्त. प्रत्येक वेळी जिभेला लावून बघावी लागते. तुमच्या हाताला ते कसं कळणार? उद्या साठ माणसं छातीभर गार पाण्यातून येतील, त्यांच्या पानात समुद्र वाढाल तुम्ही. एक तर मी करते, नाहीतर लेकीला सांगा."

"ती काय म्हणेल?"

"ते तिला विचारा. मला काय विचारता?"

बुवांनी लेकीला सांगितलं नाही. संध्याकाळी सांगणार होते, पण ती दमून लवकर झोपली. असं आपलं ते स्वतःला सांगत राहिले.

सकाळी अंगणात तीन दगडांवर मोठा हंडा चढला. खाली किनाऱ्यावर माणसं जमायला लागली होती, त्यांचा गलका वर ऐकू येत होता. कांदा पडला, मसाला पडला, मासळी पडली, पाणी पडलं. मग बुवांनी मिठाचा डबा उघडला. मीठ घालायचा मान फक्त त्यांचा. झाकण नुसतं उचललं म्हणून एका मदतनिसाला त्यांनी भर लग्नातून हाकललं होतं. त्यांनी मूठ भरली, हंड्यावर धरली, आणि मूठ काही उघडेना. किती? अर्धी? एक? की काहीच नको? चाळीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता. भर थंडीत त्यांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी मूठ परत डब्यात रिकामी केली.

"पोरी," ते म्हणाले.

"हं." लेक कोथिंबीर चिरत होती.

"मला चव कळत नाही. वासही येत नाही. त्या तापापासून."

तिची सुरी थांबली नाही. "माहीत आहे, बाबा."

"काय माहीत आहे?"

"तापानंतरचं पहिलंच लग्न. तुम्ही भाजीत दोनदा मीठ घातलंत, चाखलीत आणि मान डोलावलीत. सव्वाशे माणसांची भाजी होती. तुम्ही पाहुण्यांशी बोलायला गेलात, तेवढ्यात मी निम्मी काढून ठेवली, बटाटे उकडून घातले, वर दही फेटून लावलं. तेव्हापासून तुमची पाठ वळली की मी चाखते. कमी असलं तर घालते, जास्त असलं तर निस्तरते."

"तेवीस कार्यं?"

"तेवीस."

झालं! बुवांचा पारा चढला. "माझ्या हंड्यात हात घातलास? मला न विचारता? अगं, चाळीस वर्षांत कुणाची छाती झाली नव्हती! मला सांगायला काय धाड भरली होती तुला?"

आता तिनं सुरी खाली ठेवली. "आणि तुम्हाला काय झालं होतं मला सांगायला? वर्षभर वाट बघतेय मी. आज सांगतील, उद्या सांगतील. म्हटलं, घरी लोक असतात, बाबांना लाज वाटत असेल. म्हणून इथे आणलं, की हंडे नसतील, गर्दी नसेल, तर मोकळं बोलाल. तर तुम्ही इथेही साठ माणसांचा हंडा चढवलात!" एवढं बोलून ती रडायला लागली. वर्षभराचं साचलेलं होतं.

बुवा मटकन ओंडक्यावर बसले. मनाला फार लागलं त्यांच्या. त्या मामांची मिठी आठवली, मुलीकडच्यांनी खास बोलावून घातलेला हार आठवला. त्यातलं काहीच आपलं नव्हतं.

पण माणूस पडला आचारी. डोक्यात ती खारट भाजी फिरायला लागली. सव्वाशे माणसांची भाजी, पंगत बसायला आलेली, हाताशी वेळ किती, तर पाहुण्यांशी चार गोष्टी होतील इतका. तेवढ्यात हिनं ती सावरली, आणि कुणाला कळलं नाही. शेजारी उभ्या असलेल्या आपल्याला कळलं नाही! हिच्या वयाचे असताना आपण काय करत होतो? एकदा भाजी खारट झाली तेव्हा मांडवाच्या मागच्या वाटेनं पळून गेलो होतो. आणि ही? एकदा नाही, तेवीस वेळा. वर बापाचं नाव जसंच्या तसं ठेवलं. बुवांचा ऊर भरून आला. इतका, की ओंडक्यावर बसवेना.

ते उठले आणि मिठाचा डबा तिच्या हातात दिला. "रड नंतर. रस्सा उकळतोय. मीठ किती?"

तिनं पदरानं नाक पुसलं, पळीतले चार थेंब फुंकून हातावर घेतले आणि चाखले. "मीठ बिलकूल नको. उलट दोन कळशा पाणी घाला. आणि जाळ कमी करा."

बुवांनी दोन कळशा पाणी घातलं आणि जाळ कमी केला. ओट्यावर उभी असलेली होडीवाल्याची बायको तोंडाला पदर लावून हसत होती.

दुपारी होडी पाण्यात गेली. साठ माणसं कुडकुडत, ओल्या कपड्यांनी, दात वाजवत वर आली आणि अंगणात पंगत धरून बसली. रस्सा वाढला गेला, आणि एवढा गलका करणारी माणसं एकदम गप्प झाली. नुसते भुरके ऐकू येत होते. होडीवाल्याच्या म्हाताऱ्या बापानं जन्मात कशाला चांगलं म्हटलेलं नाही, असं सगळं बेट सांगत असे. त्यानं तिसऱ्यांदा वाटी पुढे केली. "आचारीबुवा," तो म्हणाला, "हात सोन्याचा आहे तुमचा."

बुवांच्या हातात वाढायचं ओगराळं होतं. हसून मान लववली असती तर भागलं असतं. वर्षभर तेच तर केलं होतं.

"आजोबा, हा रस्सा माझा नाही," ते शेवटच्या पानापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "मला वर्षभर चव कळत नाही, वास येत नाही. माझ्या नावानं लोक तेवीस कार्यांत जेवले, ते सगळं हिच्या हातचं होतं. आचारी ती आहे. मी तिचा बाप."

लेक हंड्यापाशी उभी होती, तिथेच थिजली. म्हाताऱ्यानं तिच्याकडे पाहिलं, मग बुवांकडे पाहिलं. "मग आचारीणबाईंचा बाप उभा का?" त्यानं शेजारच्याला कोपरानं सरकवलं. "बसा की इथे. पोरी, बापाला वाढ."

चाळीस वर्षं बुवा पंगतीत उभेच होते, बसले कधी नव्हते. ते म्हाताऱ्याशेजारी मांडी घालून बसले. लेकीनं भात वाढला, त्यावर रस्सा घातला. त्यांनी घास घेतला. जीभ होती तशीच होती, तिला काही म्हणजे काही कळलं नाही. पण समोर साठ माणसं बोटं चाटत होती, आणि लेक ओगराळं घेऊन ताठ मानेनं त्यांच्यामधून फिरत होती. एवढं चांगलं जेवण आपण जन्मात जेवलो नाही, असं बुवांना वाटलं, आणि तसं ते म्हाताऱ्याला मोठ्यानं सांगूनही मोकळे झाले.