माझ्या पोटातली पडद्याची पट्टी

खरं सांगू का मित्रांनो, हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा सुरुवात केली आणि सोडून दिली. भीती ही काय लिहायची गोष्ट आहे का, असं वाटायचं. पण माझा जोडीदार म्हणाला, "लिही रे, नाहीतर ती परत तुझ्याच पोटात जाऊन बसेल." म्हणून लिहितोय, सुचेल तसं. अक्षरं मला कुणी शिकवली नाहीत. कपडे बेतायच्या टेबलावर जुनी वर्तमानपत्रं पसरलेली असतात, त्यांच्यावर पडून पडून शिकलो. चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

मी एक जुना चौकोन आहे. कापडाचा. गरम भांडं धरायला चिंध्यांचे थर रचून, वरून आडवेउभे धावदोरे घालून शिवतात ना, तसला. एका अंगाला माझ्या निळ्या ठिपक्यांचा शर्ट आहे, दुसऱ्या अंगाला कुणाच्या तरी फ्रॉकचा घेर. कडेनं लाल गोट, कोपऱ्यात अडकवायला नाडी. मला आणि माझ्या जोडीदाराला, तोही असाच चौकोन, शिवलं मावशीनं. बाहेरच्या खोलीत तिचं मशीन, आतल्या खोलीत स्वयंपाकघर, आणि सोबत तिची भाची. भाची काज-बटण करते. काजं अशी करते की मावशीसुद्धा नावं ठेवत नाही, आणि मावशी नावं ठेवण्यात कुणाला ऐकत नाही! पण बाकी सगळं धाडधाड. म्हणून मावशी तिला 'वादळ' म्हणते.

आमच्यासाठी चिंधी निवडायची मावशीची एक पद्धत होती. प्रत्येक तुकड्यातला एक दोरा ओढायचा आणि काडी लावायची. कागद जळल्यासारखा वास आला, राख भुरभुरली, की कापड सुती. प्लास्टिकचा वास आला, दोऱ्याची टोकाला काळी गोळी झाली, की ते नायलॉन-बियलॉन. ते गरम भांड्यापाशी नको. वितळतं आणि हाताला चिकटतं.

"नाक लक्षात ठेव," मावशी सांगायची. "डोळे फसतात."

"बरं बाई, नाक," वादळ म्हणायची आणि मुद्दाम मावशीचाच पदर हुंगायची.

त्या दिवशी कुणाचा तरी पडदा आखूड करून उरलेली पट्टी होती. दिसायला सुती, हाताला सुती. मावशीनं दुमडलेल्या काठातून दोरा ओढला, जाळला. राख झाली. पट्टी माझ्या पोटात गेली, जुन्या टॉवेलच्या तुकड्यांमध्ये. माझ्या जोडीदाराच्या पोटात गेली चादर.

मग मावशीनं आम्हा दोघांवर इस्त्री फिरवली. आणि माझ्या आत काहीतरी आक्रसलं. गोगलगायीला बोट लावल्यावर ती आक्रसते ना, तसं.

मी जोडीदाराला विचारलं, "तुला काही झालं का रे?"

"नाही. मस्त ऊब लागली."

तेव्हापासून मला भीती वाटायला लागली, मित्रांनो. कारण ती काडी, तो वास, ती काळी गोळी, सगळं मी टेबलावर पडल्या पडल्या पाहिलं होतं. माझ्या पोटात काय आहे ते मला कळलं होतं आणि सांगायला तोंड नव्हतं.

आम्ही चुलीशेजारच्या खिळ्यावर लटकायचो. वादळ आली की मी अंग चोरायचो. चोरून चोरून चौकोन किती चोरणार? दुधाचं पातेलं, पाण्याची किटली, काही झालं नाही. कौतुकच झालं उलट. शेजारची आजी म्हणाली, "इतकी गोजिरवाणी, भांड्याला कसली लावता, भिंतीवर लावा की!" मला वाटलं, लावा हो, खरंच लावा! पण मावशी हसली आणि वादळनं माझ्यात धरून किटली उचलली. प्रत्येक वेळी मी फक्त तिचा अंगठा बघायचो. त्याच अंगठ्यानं ती सुई धरते.

हळूहळू माझ्यात गाठ झाली.

"मावशी, ह्याच्या पोटात गोळा आलाय."

"धुऊन कडक झालं असेल. तुझ्यासारखं पिळलं की गोळाच येणार."

"म्हणजे त्यातही माझंच चुकलं!"

दोघी हसल्या. मला मात्र हसू येईना. अगं बायांनो, चाचपा ना नीट. एकदा उसवून बघा ना.

मग एका दुपारी बिडाच्या तव्यात बटाटे भाजायला ठेवले होते. तवा बराच वेळ आचेवर होता. वादळ आली, उजव्या हातात मी, डाव्या हातात जोडीदार. तिनं दांडा धरला. माझी पट्टी पाण्यासारखी झाली. मी तिला धरून ठेवायचा प्रयत्न केला, शपथेवर सांगतो. पण ती टाक्यांच्या भोकांतून निघाली, हाताच्या बाजूला.

आधी वास सुटला. वादळनं नाक वर केलं. "मावशी! प्लास्टिक!" एवढं ओरडली आणि तवा सोडून मागे उडी मारली. बटाटे घरभर.

अंगठ्याखाली टपोरा फोड. मावशीनं तिचा हात नळाखाली धरला. "काढू नकोस. राहू दे पाण्यात. कुठलं फडकं घेतलंस?"

"तुझंच!"

नंतर मावशीनं मला टेबलावर घेतलं आणि ब्लेडनं गोट उसवला. मला वाटलं, संपलं, आता चिंध्यांची टोपली. आतून काळा, कडक पापुद्रा निघाला. मावशीनं उरलेली पट्टी शोधली. मधला दोरा जाळला, काळी गोळी. काठाचा जाळला, राख.

"शिवणीचा दोरा तपासला मी," ती खाली बसत म्हणाली. "कापड तपासलंच नाही."

वादळ नळापाशी उभी. त्यानंतर ती चुलीकडे फिरकेना. भांडं उतरायचं म्हटलं की हात मागे.

फोड बसेपर्यंत मी रिकाम्या पिशवीसारखा पडून होतो. मग मावशीनं मला परत भरलं. जीन्सचा पाय, टॉवेल, जुनी चादर. प्रत्येक तुकड्याच्या मधला दोरा वादळनं स्वतः जाळला, स्वतः हुंगला. जोडीदारालाही उसवून पाहिलं. तो धडधाकट.

तोच तवा तापवला. मावशीनं मला स्वतःच्या हातात घेतलं, तवा उचलला आणि धरून उभी राहिली.

"ठेव आता," वादळ म्हणाली.

"थांब."

"मावशी, हात थरथरतोय तुझा."

"वजनानं गं."

"खोटारडी. ठेव. दाखव हात."

तळहात नुसता कोमट होता. वादळनं तो उलटापालटा करून पाहिला. मग स्वतःचा हात पुढे केला. "दे इकडे." तिचा अंगठा मला घट्ट धरून बसला. तीही घाबरलेली, मीही. तवा उचलला, ओट्यावर ठेवला. एवढंच.

मित्रांनो, माझं एक ऐका. भांडं धरायच्या आधी हातातलं फडकं चाचपा. ओलं नाही ना? आत गोळा नाही ना? आम्हाला बोलता येत नाही हो. कडक होणं, वास सोडणं, एवढीच आमची भाषा.

काल खिळ्यावर जोडीदारानं विचारलं, "अजून भीती वाटते?"

"वाटते," मी म्हणालो. "पण तुला वचन देतो. आता मी सगळा सुती आहे. जळायची वेळ आलीच तर आतल्या आत वितळणार नाही. बाहेरून करपेन, तिला लांबून दिसेल असा."