चौकट सत्ती

सरोजच्या धाकट्या बहिणीचा, बकुळचा, पत्ता चौकट सत्तीवर होता. जिमखान्याच्या कारकुनाने वही बघून तसं सांगितलं. चौदा वर्षं जिचा ठावठिकाणा नव्हता तिचा पत्ता पत्त्यांच्या कॅटात निघाला, याचं त्याला काडीचंही नवल नव्हतं.

"मग ते पान द्या मला," सरोज म्हणाली.

"पान मागून मिळत नाही, डावात मिळतं. पोकर शिका. दुपारी तीनला वर्ग असतो."

सरोजला बदाम सत्तीपलीकडे काही येत नव्हतं, आणि तेही ती बकुळबरोबरच खेळलेली. बकुळने घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं तेव्हा हिने तोंडावर सांगितलं होतं, "तू मेलीस मला." आता तिच्या दारात उभं राहून "चुकलं माझं" एवढंच म्हणायचं होतं. त्यासाठी पोकर तर पोकर.

वर्गात शिकवायला वाघमोडे सर आणि समोर खेळायला शिराळकर वकील, बस्स. सरांनी दोघांना दोन-दोन पत्ते वाटले. ते आपले आपण बघायचे, कुणाला दाखवायचे नाहीत. मग मधे पाच पत्ते उघडे पडतात, ते सगळ्यांचे. जोडी जमली तर बरं, तीन सारखे आले तर आणखी बरं. पैशांना इथे कोणी हात लावत नाही, पणाला घर लावायचं, थोडं थोडं.

"आणि चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही," सर म्हणाले.

"ते येतं मला," सरोज म्हणाली.

वकिलांच्या हातातल्या पत्त्यांतून खोकला ऐकू आला. अर्धा खोकून मग घसा खाकरायचा, ही बकुळचीच रीत. म्हणजे चौकट सत्ती त्यांच्याकडेच होती. सरोजकडे एक दुर्री आणि एक नव्वी होती, कशाला कशाचा मेळ नाही. पण तिला डाव जिंकायचाच कुठे होता? तिला वकिलांचं पान बघायचं होतं.

तिने गॅलरी लावली. लगेच शेजारच्या दांडेकर वहिनींचा फोन आला. "सरोजताई, तुमची गॅलरी दिसत नाहीये. वाळत घातलेले कपडे मी आणून ठेवलेत हो."

"असू द्या," म्हणून तिने स्वयंपाकघर लावलं. मधले पाचही पत्ते उघडले. वकिलांनी आपला जिना लावला. सरोजला वाटलं, जितकं जास्त लावू तितकं पान हमखास उघडेल.

"सगळं," ती म्हणाली. "दारासकट."

वकिलांनी तिच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. तिथे काही नव्हतं. त्यांनी दोन्ही पत्ते पालथे टाकले. "बाईंकडे मोठं काहीतरी आहे."

"उघडा की!"

"त्यांनी डाव सोडला, तुम्ही जिंकलात," सर म्हणाले. "टाकलेलं पान उलटायचं नाही. नुसती बरोबरी केली असतीत, तर दोघांनाही पत्ते उघडावे लागले असते. वाढवलंत कशाला?"

पुन्हा फोन वाजला. गॅलरी परत आली होती आणि घराला आता दोन जिने झाले होते. आयुष्यात पहिल्यांदाच काही जिंकल्यावर सरोजला रडू येत होतं. ती वकिलांकडे वळली. "तुम्ही पाहिलंय ना पान? गाव तरी सांगा."

"आपण रंग बघतो, आकडा बघतो," वकील अगदी मनापासून म्हणाले. "गाव कोण बघतं, बाई?"

सरांनी सगळे पत्ते गोळा केले आणि पिसायला घेतले. पत्त्यांच्या आतून कुठूनतरी आवाज आला, हातातलं काम टाकून विचारावं तसा. "कोण आहे?"

"मी गं. ताई," सरोज पत्त्यांवर वाकून म्हणाली.

पावलं जवळ आली. कडी काढल्याचा आवाज झाला. सरांनी कॅट तिच्यापुढे ठेवला.

"कापा," ते म्हणाले.