पेस्टचा वास

बत्तीस वर्षं धानपट्ट्यातल्या गोरेगावात रेडिओपासून मोबाइलपर्यंत सगळं दुरुस्त केलेल्या माणसाला पोरीनं शिकवावं, आणि त्यानं मुकाट ऐकावं! गंगाला आधी हसू आलं, मग धास्ती वाटली. तिचा नवरा केवलराम कुणाचं ऐकणारा माणूसच नव्हता.

नीतूनं नागपूरहून नवं सोल्डरिंग स्टेशन पाठवलं होतं आणि ती व्हिडिओ कॉलवरून हुकूम सोडत होती. "बाबा, प्लगची तिसरी पिन तोडू नका, अर्थिंगवाल्या सॉकेटातच लावा. स्पंज ओला करून पिळून घ्या. खिडकी उघडा. आणि हातातला सोल्डरिंगचा आयर्न टेबलावर नाही, स्टँडमध्येच ठेवायचा!"

"हो माय, हो." केवलरामनं डायल साडेतीनशे डिग्रीवर आणला. एरवी तो आयर्न गालाजवळ नेऊन ताव बघायचा.

समोर गिऱ्हाईक टेकचंद बसला होता. त्याच्या शेताच्या कुंपणात वीज सोडणारी झटका मशीन बंद पडली होती आणि रानडुकरं धानात शिरून राहिली होती.

गंगाचं ध्यान मात्र नवऱ्याच्या बोटांकडे होतं. साखरेच्या बिमारीनं त्याचे हातपाय बधिर होत चालले होते. मागच्या आठवड्यात बाजारातून येताना चप्पल वाटेत गळाली, तर हा शहाणा एका चपलेनं घरी आला! विचारलं तर म्हणे, "जुनीच होती." वरून नीतूला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली. आणि गंगा येडी, गप्प बसली.

बोर्डावर पहिला टाका चकचकीत बसला. मशीन टकटक करू लागली तसा टेकचंद खुलला.

"पाहा आई," नीतू फोनवरून म्हणाली, "आता बाबांना चटका बसायचा नाही."

मशीन बंद करून केवलराम दुसऱ्या सैल तारेवर वाकला. तेवढ्यात गंगाला वास आला. सोल्डरच्या पेस्टचा धूर तिच्या पदरात मुरलेला होता. हा तो नव्हता.

"अजी, काही जळून राहिलं."

"पेस्ट आहे वो."

त्याच्या डाव्या हाताचं बोट आयर्नच्या तापल्या दांड्याला टेकलं होतं. गंगानं किंचाळून मनगट ओढलं. बोटाचं कातडं पांढरं पडून सुटलं होतं. टेकचंद पाणी आणायला धावला. केवलराम ओरडला नाही, नुसता बोटाकडे पाहत राहिला. दुखत नव्हतं, म्हणूनच त्याचं तोंड उतरलं.

"आई, काय झालं?" नीतू विचारत होती. गंगानं फोन पालथा घातला.

"गंगे," तो हळूच म्हणाला, "मले दुसरं काही येत नाही. तू बाजूले बसत जा. जळलं त मले सांगत जा."

दवाखान्यात चला म्हणावं, पोरीला सगळं सांगून टाकावं, हे स्टेशन उचलून विहिरीत फेकावं, असं तिच्या मनात आलं. पण तिनं आयर्न उचलून स्टँडमध्ये ठेवला. मग स्टूल ओढलं आणि त्याच्या डाव्या हाताशी बसली.