दीडपट उंचीचा डोंगर

माझ्या पूर्वेकडच्या उतारावर एक भेग आहे. ती सहा सेंटिमीटर लांब आहे आणि जास्तीत जास्त दोन मिलिमीटर रुंद. एकेचाळिसाव्या थराच्या जरा वर ती सुरू होते, पिवळ्या टाचण्यांच्या एका झुबक्याला अर्धी फेरी घालते आणि निळ्या लोकरीच्या धाग्यापाशी संपते. कोरड्या दिवसांत ती रुंदावते. पावसाळ्यात माझा कागद फुगतो आणि ती इतकी मिटते, की तिच्यात केससुद्धा शिरणार नाही.

मित्रांनो, मी एक जुना डोंगर आहे. पुठ्ठ्याचा.

नीट सांगायचे तर मी फिलिपिन्समधल्या लुझोन बेटाच्या उत्तरेकडची लिगायन ही सगळी नगरपालिका आहे. नाव नगरपालिका असले तरी नगर असे माझ्यावर कुठेच नाही. तेवीस वाड्या, चार ओढे, एक नदी, भाताची खाचरे आणि त्यांच्या वर पाइनचे रान. मी एकशे ऐंशी सेंटिमीटर लांब आणि एकशे वीस सेंटिमीटर रुंद आहे. माझ्यावरचे एक सेंटिमीटर अंतर म्हणजे जमिनीवरचे शंभर मीटर. माझा सर्वांत खालचा थर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटर उंचीचा. माझ्या थरांच्या हिशेबाने समुद्र माझ्या बुडाखाली नऊ सेंटिमीटरवर आहे, म्हणजे टेबलाच्या खणात. लिगायनच्या कुठल्याही शिखरावरून समुद्र दिसत नाही. मला मात्र तो खणात हलताना ऐकू येतो. त्या खणात उरलेल्या टाचण्यांची डबी आहे, त्यामुळे तो कदाचित तिचाही आवाज असेल.

माझा जन्म चौदा वर्षांपूर्वी हायस्कूलच्या सभागृहात झाला. विज्ञान शिकवणाऱ्या रोफिनाने मला घडवले. नकाशावर एकाच उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा असतात. मुलांनी त्या एकेक करून पुठ्ठ्यावर उतरवल्या आणि कापल्या. प्रत्येक वीस मीटर उंचीला एक थर. त्यासाठी दोन मिलिमीटर जाडीचा पुठ्ठा हवा होता. पण आमच्या घाटाने वर चढून आली ती दुकानदाराची रिकामी खोकी, सार्डिन माशांच्या आणि दुधाच्या डब्यांची. त्यांचा पुठ्ठा तीन मिलिमीटर जाड निघाला. रोफिनाने त्याला दोनदा पट्टी लावली.

"चालेल," ती म्हणाली. "डोंगर जरा उंच होतील, एवढंच."

असे पंच्याऐंशी थर कसाव्याच्या पिठाच्या खळीने एकमेकांवर बसले. माझे शिखर सतरा सेंटिमीटरचे व्हायचे ते साडेपंचवीस सेंटिमीटरचे झाले. शेवटी रोफिनाने माझ्या नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात एक चिठ्ठी चिकटवली आणि तिच्यावर सुबक अक्षरात लिहिले, 'आडवे अंतर खरे. उंची दीडपट.'

मुलांनी छापील बाजू आत ठेवून थर चिकटवले होते. त्यामुळे माझ्या आत, साठाव्या थराच्या आसपास, एक लाल मासा आहे. तो कुणी पाहिलेला नाही. मला झोप लागली की तो सुटतो, थराथरांतून खाली उतरतो आणि खणातल्या समुद्रात जाऊन पोहतो. सकाळी तो पुन्हा जागेवर असतो.

मग वाड्यावाड्यांतून म्हातारी माणसे आली. त्यांनी माझ्याभोवती बसून सुपारी चघळली आणि नकाशात नसलेली नावे सांगितली. आंगवा वाडीचे लाकाय अन्सिबे खूप वेळ वाकून पाहत होते. लाकाय म्हणजे म्हाताराबाबा.

"मास्तरीणबाई, माझं घर ओढ्यात टाकलंत की हो," ते म्हणाले. "बायको खूश होईल. पाणी भरायला जायला नको."

ओढा अर्धा सेंटिमीटर सरकवला गेला.

प्रत्येक घराने आपली पिवळी टाचणी आपल्या हाताने टोचायची होती. दुसऱ्याच्या घराची टाचणी कुणी हलवायची नाही, असा नियम तिथेच बोलता बोलता ठरला. आंगवाची दहा घरे टाचण्या हातात धरून उभीच राहिली. ती अन्सिबेंच्या थोरल्या वहिनीसाठी थांबली होती. तिचे नाव दांग्वे. सगळी वाडी तिला अपो म्हणते, आजीला म्हणतात तसे. आंगवातली पहिली चूल तिच्या सासरची. बाकीच्या दहा चुली तिच्याच चुलीतल्या विस्तवाने पेटलेल्या. म्हणून वाडीच्या मोठ्या गोष्टी आधी ती बोलते आणि मग बाकीचे बोलतात. अपोने आपली टाचणी टोचली, बोटाने दाबून पाहिली, आणि तिच्यामागून दहा टाचण्या माझ्या अंगात शिरल्या. एवढे दुखले नाही.

त्यानंतरची वर्षे माझ्या कौतुकाची होती. मला नगरपालिकेच्या सभागृहात मधोमध ठेवले. लस टोचायला निघालेली नर्स आधी माझ्याकडे यायची आणि लाल लोकरीच्या पायवाटांवरून बोट फिरवायची. शाळेतली मुले आपापले घर शोधून त्यावर फुंकर घालायची. दुपारी खिडकीतून धुके आत येई आणि माझ्या दऱ्यांत बसे. बाहेर खऱ्या दऱ्यांतही त्या वेळी धुकेच असे. अशा वेळी मला कळत नसे, की बाहेरचे लिगायन मला पाहते आहे की मी त्याला. माझ्या निळ्या लोकरीतून पाणी वाहते आहे असे वाटे. एकदा तर माझ्यावर भात पिकल्याचा वासही आला.

मग नवी इमारत झाली आणि मला जिन्याखालच्या खिडकीशी सरकवले. कुणीतरी माझ्या उत्तरेच्या रानावर कॉफीचा कप ठेवला. तिथे आता एक गोल तपकिरी तळे आहे. वाड्यांच्या व्हॉलीबॉल सामन्यात जिंकलेला पितळी चषक ठेवायला जागा नव्हती, म्हणून तो माझ्या नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात आला. चिठ्ठी त्याच्या बुडाखाली गेली. मुंग्यांनी खळ खाल्ली. पूर्वेचा उतार माझ्यावर सर्वांत उभा आहे. तिथले थर ताणले गेले आणि ती भेग पडली.

त्याच वर्षी, सहा वर्षांपूर्वी, मोठे वादळ झाले. तीन दिवस पाऊस थांबला नाही. चौथ्या दिवशी बातमी आली, की आंगवाच्या वर खऱ्या डोंगरालाही भेग गेली आहे. लोक म्हणाले, पुठ्ठ्याला आधी कळले. मला काहीही कळले नव्हते. पुठ्ठा काय आणि माती काय, जिथे उतार उभा असतो तिथे ताण बसतो.

नगरपालिकेचा इंजिनियर सेलेस्तिनो तेव्हा नवा होता. माणूस मनापासून काम करणारा. त्याने आंगवाच्या लोकांना बोलावले आणि माझ्याभोवती उभे केले. ही अकरा घरे इथून उठून खाली किब्लानच्या सपाटीवर, शाळेजवळ यायला हवीत, असे त्याचे म्हणणे होते. माझ्यावर ते अंतर नऊ सेंटिमीटर आहे. त्याने खिशातून एक गोटी काढली, बहुतेक त्याच्या मुलाची असावी, आणि आंगवाच्या टाचण्यांपाशी सोडली. गोटी उड्या मारत खाली गेली आणि टेबलावरून पडली.

"पाहिलंत? इतका उभा उतार आहे," तो म्हणाला.

अपो दांग्वेने माझ्या उतारावर तळहात ठेवला. "हा माझा डोंगर नाही," ती म्हणाली. "माझ्या डोंगरावर मी रताळ्यांचं भरलेलं टोपलं ठेवते. जिथे ठेवते तिथे राहतं. हा तर भिंतीसारखा आहे."

"अपो, हा मोजून केलाय," सेलेस्तिनो म्हणाला.

"मग मोजणाऱ्याला जाऊन विचार."

लोक हसले. अपोचे आता वय झाले, असे कुणीतरी हळूच म्हणाले आणि तिने ते ऐकले. मित्रांनो, तिचे म्हणणे अगदी बरोबर होते. आंगवाच्या वरचा खरा उतार चौतीस अंशांचा आहे. माझ्यावर तो पंचेचाळीस अंशांचा झाला आहे. रोफिना त्या दिवशी तिथेच, चषकाशेजारी उभी होती. तिने एकदा चषकाकडे पाहिले. पण ती बोलली नाही आणि चषकही तिने उचलला नाही.

अपोने त्या दिवशी होही म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. घरी जाऊन तिने चुलीत लाकूड सारले. बाकीच्या दहा घरांना कधीही विचारले, की उत्तर एकच येई, "अपोच्या मागून." अशी सहा वर्षे गेली. किब्लानला अकरा घरांची जोती बांधून झाली. त्यांवर गवत उगवले. दर पावसाळ्यात आंगवाच्या बाया मुलांना, रात्री पळावे लागले तर म्हणून, बाहेरच्या कपड्यांतच झोपवू लागल्या.

रोफिना मात्र दर रविवारी दोन तास चढून त्या भेगेशी जाई. भेगेच्या दोन्ही बाजूंना तिने लोखंडी खुंट्या ठोकल्या होत्या. त्यांच्यातले अंतर ती टेपने मोजी, खाली येई, माझ्या टेबलाजवळ गुडघ्यांवर बसे आणि माझ्या बुडाला पेन्सिलीने आकडा लिही. पेन्सिलीच्या गुदगुल्या व्हायच्या. पण आकडे वाढत होते. चार, सात, तेरा, वीस. मी त्या आकड्यांवर टेकून झोपत असे.

मित्रांनो, जुन्या वस्तूंचे मागणे साधारण एकच असते, आमच्यावरची धूळ झटका. माझे त्याहून थोडे जास्त आहे. माझ्यासारख्या कुणाच्या कोपऱ्यात एखादी चिठ्ठी चिकटवलेली असेल, तर तिच्यावर चषक ठेवू नका. आम्हाला बनवताना पुठ्ठा कमीजास्त मिळतोच. त्याची आम्हाला लाज वाटत नाही. लाज वाटते ती झाकले गेल्याची.

ही यंदाची गोष्ट. पावसाला दोन आठवडे उरले होते. दुपार कलली होती आणि खिडकीतून पहिले धुके आत येऊ लागले होते. सेलेस्तिनोने पुन्हा एकदा माणसे बोलावली होती. आंगवाहून अपो आणि अन्सिबे आले होते. रोफिना आपली वही घेऊन आली होती.

"अपो, जोत्यांवरचं गवत मी तीनदा काढलं," सेलेस्तिनो म्हणाला. त्याच्या कानांवरचे केस आता पांढरे झाले होते. "चौथ्यांदा काढायला लावू नका."

"जोत्यांवर गवत आणि आमच्या डोक्यावर डोंगर," अन्सिबे म्हणाले. "वहिनी, बोलणार आहेस का सुपारीच चघळणार आहेस?"

"सुपारी खोटं बोलत नाही," अपो म्हणाली. तिने माझ्या शिखरावर बोटाने टकटक केले. "ह्याच्यासारखं."

कुणी हसले नाही. रोफिना पुढे आली. तिने दोन्ही हातांनी चषक उचलला आणि खाली जमिनीवर ठेवला. चिठ्ठीवर त्याच्या बुडाचा हिरवट गोल उमटला होता. तिने तो रुमालाने पुसला आणि शाळेत वाचतात तशी ती ओळ मोठ्याने वाचली. "आडवे अंतर खरे. उंची दीडपट."

"म्हणजे काय?" अन्सिबेंनी विचारले.

"म्हणजे हा डोंगर खऱ्यापेक्षा दीडपट उंच आहे. पुठ्ठा जाड मिळाला होता. अपो, तुमचं बरोबर होतं."

सेलेस्तिनो चिठ्ठीवर वाकला. "हे मला माहीत नव्हतं," तो म्हणाला.

"मला माहीत होतं," रोफिना म्हणाली. "गोटी पडली त्या दिवशीसुद्धा."

अपोने तिच्याकडे मान वळवली. "मग बोलली का नाहीस?"

"वाटलं, भीती वाटली तर तुम्ही लवकर हलाल."

"मला भीती नाही वाटली. मला राग आला."

"आणि वहिनीच्या रागापुढे डोंगर परवडला," अन्सिबे पुटपुटले.

"खरा केवढा आहे ते दाखव," अपो म्हणाली.

रोफिनाने वही माझ्या काठावर आडवी ठेवली. तिचे वरचे पुठ्ठ्याचे पान उचलले आणि कोनमापक लावून चौतीस अंशांवर धरले. अपोने कमरेची सुपारीची पिशवी सोडली आणि त्या उतारावर ठेवली. पिशवी घसरली नाही. अपो थोडा वेळ वाट पाहत राहिली. पिशवी तिथेच होती.

"हं," ती म्हणाली. "हे आंगवा." मग तिने माझ्या भेगेवरून नख फिरवले. "आणि वरची ती भेग? तीही दीडपट सांगतेस का?"

"नाही, अपो. ती ह्याच्यावर मोजलेली नाही. वर येऊन मोजलीय, टेपने. पहिल्या वर्षी चार सेंटिमीटर होती. परवाच्या रविवारी एकतीस भरली."

"आहे तेवढीच?"

"आहे तेवढीच."

रोफिनाने वही मिटली. धुके माझ्या नदीत उतरले, तिथून ओढ्यांत चढले आणि किब्लानची सपाटी त्याने हलकेच झाकली. माझे थर ओलसर झाले. मी खाली बसतो आहे, माझ्या खऱ्या उंचीपर्यंत येतो आहे आणि खणातला समुद्र तीन सेंटिमीटर वर आला आहे, असे मला वाटत होते. साठाव्या थरातला मासा जागा झाला होता.

अपोने आपली टाचणी दोन बोटांत धरली. चौदा वर्षांत ती गंजली होती, त्यामुळे लगेच सुटेना. अन्सिबेंचा हात मदतीला पुढे आला आणि नियम आठवून मागे गेला. अपोने टाचणी एकदा डावीकडे फिरवली, एकदा उजवीकडे, आणि काढली. माझ्या एकेचाळिसाव्या थरावर एक बारीक भोक राहिले. ती त्या भोकाकडे पाहत होती.

"अन्सिबे," ती म्हणाली, "उद्या उजाडल्यावर विस्तवाचं मडकं घेऊन ये. माझी चूल किब्लानला न्यायची आहे."