शिंक्यावरचा आळ

मित्रांनो, सुभद्राचा हात मला शेवटचा लागला, तो दिवस अगदी साधा होता. तिने माझ्यातून दोन मडकी उतरवली. एकात कालचा भात होता, दुसऱ्यात घट्ट झालेली कुळथाची पिठी. तिने दोन्ही एकत्र मळले, त्यात कांदा, मिरची आणि मूठभर तांदळाचे पीठ घातले आणि तव्यावर जाडसर भाकऱ्या थापल्या. वासाने शेजारची हौसाबाई दारात आली.

"ह्येका काय म्हणतत गो?"

"आधी खा. नाव मगे ठेव."

हौसाबाईने तीन खाल्ल्या आणि नाव ठेवायचे विसरून घरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी सुभद्रा उठलीच नाही. हे १९६८ साल.

मी एक जुने शिंके आहे. त्याआधी सतरा वर्षे, मालवणच्या खाडीकाठी काथ्या वळणाऱ्या भिकाजीच्या अंगणात माझा जन्म झाला. त्याने नारळाची सोडणे चिखलात कुजवली, बडवली, मांडीवर वळून काथ्याच्या दोऱ्या केल्या आणि मला विणले. सुभद्राने मला चुलीजवळच्या वाशाला टांगले. उरलेले अन्न मांजरापासून राखायचे, एवढेच माझे काम.

पण सुभद्राच्या घरात उरलेले अन्न फार वेळ उरलेले राहत नसे. सकाळची काळ्या वाटाण्यांची उसळ आटवून ती रात्रीच्या घावनांत भरायची. आंबट ताक आणि भात यांच्या आंबोळ्या व्हायच्या. मला उतरवताना ती गुणगुणायची, आणि मला वाटायचे, आपल्यात शिळे नव्हे, उद्याचे काहीतरी ठेवले आहे. मात्र जेवण चांगले झाले, असे त्या घरात कुणी तोंडाने म्हणत नसे. ताट पुढे सरकवायचे, झाले.

आता माझ्यावरच्या आळाची गोष्ट सांगतो. १९५६ साली माझ्यात आदल्या दिवशीचे बांगड्याचे तिखले होते. तिरफळांचा वास मुरलेले, लालभडक, पाच तुकडे. संध्याकाळी सुभद्राचा दीर लवू विजयदुर्गाहून यायचा होता. तिखले त्याच्यासाठी राखलेले. दुपारी सुभद्रा विहिरीवर गेली. तिची बारा वर्षांची मुलगी प्रेमलता पाटावर पाट ठेवून चढली. आधी तिने बोट बुडवून चाटले. मग एक तुकडा घेतला. मग काय झाले ते तिलाही कळले नसावे. मडके रिकामे झाल्यावर तिने झाकण नीट बसवले, मला स्थिर केले आणि पुस्तक घेऊन पडवीत जाऊन बसली.

"आये, तिखला माजरान खाल्ल्यान," संध्याकाळी ती म्हणाली.

मित्रांनो, ज्या शिंक्यापर्यंत मांजर पोचते, त्या शिंक्याला काय किंमत? मला तोंड असते तर मी ओरडलो असतो. सुभद्राने मडक्यात पाहिले, हातातल्या झाकणाकडे पाहिले आणि मग लेकीकडे.

"माजर शिकलेला दिसता. झाकण ठेवन गेला."

एवढेच बोलून ती कामाला लागली. मडक्याच्या कडांना चिकटलेला मसाला तिने नारळाच्या रसाने धुऊन घेतला, त्यात मूठभर सुकट आणि कोकमाची दोन सोले घातली, आणि सकाळचा उरलेला भात त्यात मंद विस्तवावर मुरवला. लवूने चार वेळा ताट पुढे केले. "वयनी, आणि थोडो." पुढे तो आला, की तोच भात मागू लागला.

आळ मात्र माझ्यावर राहिला. मला वीतभर वर बांधले. मांजराला आठ दिवस पडवीबाहेर काढले. पण प्रेमलता आपल्या ताटातले मासे त्याला नेऊन घालायची, त्यामुळे ते अंगाने चांगलेच सुटले.

ती लग्न होऊन कुडाळला गेली. माहेरी आली, की सुभद्रा भाकरी थापता थापता विचारायची, "तुझा शिकलेला माजर बरा आसा मां?"

"काय गो आये," म्हणून ती हसायची आणि बोलणे दुसरीकडे न्यायची. सुभद्रा पुन्हा विचारत नसे. मी मात्र दर खेपेला त्या एका वाक्याची वाट पाहायचो. ते आले नाही. प्रेमलताच्या भावाने मुंबईहून जाळीचे कपाट आणले, तेव्हा वाटले, आता आळासकट आपण अडगळीत जाणार. सुभद्राने कपाटात बरण्या ठेवल्या. अन्न माझ्यातच राहिले.

सुभद्राच्या तेराव्यानंतर हौसाबाई घर आवरायला आली. तिने मला वाशावरून सोडवले.

"काथ्यो कुजलो गो. चुलीत घालू?"

प्रेमलताने मला तिच्या हातातून घेतले. मित्रांनो, घरातली जुनी वस्तू चुलीत घालण्याआधी क्षणभर हातात धरा. आणि जेवण आवडले, तर वाढणारी समोर उभी आहे तोवर सांगा. ताट पुढे सरकवणे पुरत नाही.

प्रेमलता मला मांडीवर घेऊन चुलीसमोर बसली. हौसाबाई ऐकत होती, तरी ती मोठ्याने बोलली.

"आये, माजर नाय होता. ता तिखला मी खाल्लंय. पाचय तुकडे. इतका बरा झाला होता, की काकाक एक तुकडो ठेवूकसुद्धा माझो जीव झालो नाय."